पान २३ साठी मॅटर पाठवा : महाराष्ट्रातल्या खासदारांना एका डीटीपीवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
लोकसभेतले ४८ आणि राज्यसभेतले १९, महाराष्ट्राचे सगळे खासदार साहेब आणि ताई,

सप्रेम नमस्कार.

मी डीटीपी करतो. बावीस वर्षं झाली, स्टेशनजवळच्या एका गाळ्यात बसून लोकांनी लिहिलेलं टाइप करतोय. लग्नपत्रिका, दशक्रियेचे निरोप, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, बिलबुकं, आणि निवडणूक आली की सगळ्या पक्षांची पॅम्फ्लेटं, पक्ष कुठलाही असो आमचा नियम एकच, अर्धे पैसे आधी. मतदारसंघ सांगत नाही आणि आमच्या खासदारांचं नावही घेत नाही, कारण हे पत्र एकट्या कुणासाठी नाहीये, आणि खरं सांगायचं तर उरलेले अर्धे पैसे अजून यायचेत.

झालं असं की आमच्याकडे एका खासदार साहेबांच्या कार्यअहवालाचं काम आलं. ३२ पानं, फोर कलर, आर्ट पेपर, सेंटर पिन. अनुक्रमणिका त्यांच्याच ऑफिसनं लिहून दिलेली, त्यात पान २३ ला 'संसदेतील कामगिरी'. बाकीच्या पानांचं मॅटर धबाधबा आलं, रस्ते, सभामंडप, हायमास्ट दिवे, रक्तदान शिबीर, बसस्टॉपच्या शेड, फोटो तर इतके की कुठला टाकू नि कुठला नको. पान २३ चं मॅटर काही येईना. दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा तिथला पोरगा म्हणाला, अहो भाषणं-बिषणं कोण वाचतंय, मागे संसद भवन टाका, पुढे साहेबांचा हात जोडलेला फोटो मोठा करून घ्या आणि खाली बोल्डमध्ये 'संसदेत घुमणारा जनतेचा बुलंद आवाज'. टाकलं. आमच्या धंद्यात मॅटर कमी पडलं की फोटो वाढवतात, त्यात नवीन काही नाही. ड्रॉप शॅडो पण दिला.

पण सकाळी प्लेटला द्यायचं होतं आणि रात्री साडेअकराला मी त्या पानाकडे बघत बसलो होतो, आणि डोक्यात आलं की घुमला म्हणजे नक्की काय घुमला? शब्द काय होते? बघू तरी. संसदेच्या साइटवर सगळं असतं हो, फुकट. सभासदाचं नाव टाका, विचारलेले प्रश्न, मंत्र्यांची उत्तरं, भाषणं, सगळं तारखेसकट निघतं. मला वाटलं होतं काहीच निघणार नाही आणि मी चहावाल्याला सांगायला मोकळा, बघ म्हणलं होतं ना. पण तसं झालं नाही. प्रश्न भरपूर होते, शेकड्यात होते. म्हणजे माणूस झोपलेला नव्हता. पहाटे दोनपर्यंत वाचत बसलो आणि त्यातून हे पत्र निघालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (तुम्हाला माहीतच आहे, पण हे पत्र बाकीचेही वाचणारेत) थोडक्यात सांगतो. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न लागतात, त्यांचं उत्तर मंत्री उभा राहून देतो, आणि २३० अतारांकित, त्यांचं उत्तर नुसतं लेखी. अकरा ते बारा हा प्रश्नोत्तराचा तास. त्या वीसपैकी प्रत्यक्षात पाच-सातच तोंडी होतात, तोवर घड्याळात बारा वाजतात आणि बाकीचे कागदावरच राहतात. कुणाचा प्रश्न वर लागणार हे बॅलटनं ठरतं, म्हणजे जवळजवळ लॉटरीच. आणि ती लागली तर जे हातात येतं ते सोनं आहे, पुरवणी प्रश्न. मंत्र्यानं वाचून दाखवलेलं उत्तर ऐकून त्याच जागी, समोरासमोर, चिठ्ठीशिवाय विचारायचा प्रश्न. मूळ प्रश्नाची नोटीस आधीच गेलेली असते, खात्याचे अधिकारी उत्तर घासूनपुसून ठेवतात. पुरवणी प्रश्नाला काय येणार ह्याचे ते फक्त अंदाज बांधू शकतात. मंत्र्याला खरा घाम फुटतो तो इथे.

आता जे वाचलं त्यातलं एक सांगतो. आमच्याकडे एक रेल्वे फाटक आहे, रोजचं. सकाळी गाळ्यावर येताना मी तिथे थांबतो, शाळेच्या रिक्षा थांबतात, दूधवाला थांबतो, कधी अॅम्ब्युलन्स थांबते आणि तिचा सायरन वाजतच राहतो आणि सगळे एकमेकांकडे बघतात. फाटकाच्या खांबावर त्याचा नंबर पेंटनं लिहिलेला आहे. पुलाचं भूमिपूजन झालंय, एका बाजूचे दोन खांब उभे आहेत, त्यावर आता पिंपळ उगवलाय. साहेबांनी फाटकांवर प्रश्न विचारलेला मला सापडला. मी खूश. उघडला. तर तो असा: देशात किती फाटकं आहेत, यदि हां तो तत्संबंधी ब्यौरा क्या है, सरकारनं ह्याबाबत कोणती पावलं उचलली आहेत. बास. आणि उत्तर काय, 'विवरण सभा पटल पर रखा गया है', आणि त्याखाली विभागवार टेबल. त्या टेबलात आमचं फाटक कुठेतरी एका आकड्याच्या पोटात आहे, शोधून दाखवा.

प्रश्न खोटा नव्हता, चुकीचाही नव्हता, फक्त इतका मोठा होता की उत्तराला आमच्या फाटकापर्यंत यायची गरजच पडली नाही. खांबावरचा तो नंबर घातला असता, भूमिपूजनाची तारीख घातली असती, आणि विचारलं असतं की काम राज्याच्या हिश्श्यावर अडलंय की केंद्राच्या, तर कुणीतरी अधिकाऱ्यानं ती फाइल कपाटातून काढून झटकली असती. नंबर घालायला काय लागतं? कुणीतरी फाटकापर्यंत जाऊन खांब वाचायला लागतो, इतकंच.

तुमच्या प्रश्नांमधला तो 'तत्संबंधी ब्यौरा' मी आता झोपेतही टाइप करू शकतो. आणि दुसरं एक उत्तर, 'जानकारी एकत्र की जा रही है और सभा पटल पर रख दी जाएगी'. माहिती गोळा करतोय, ठेवू. हे मंत्र्यानं दिलेलं आश्वासन धरलं जातं, अशा आश्वासनांचा पाठपुरावा करायला संसदेत एक वेगळी समिती पण आहे. मग ठेवली का माहिती? पुढच्या अधिवेशनात कुणी उठून विचारलं का, की गेल्या वेळी गोळा करत होतात ती झाली का गोळा? मी बराच शोधला, आमच्याकडचा तरी दुसरा प्रश्न मला सापडला नाही. पहिला प्रश्न विचारल्याचा फोटो मात्र पेपरात आला होता, कात्रण माझ्याकडेच स्कॅनला आलं होतं.

तुम्ही म्हणाल आकडे बघा. हल्ली बॅनरवरच असतं, हजेरी इतके टक्के, प्रश्न इतके, चर्चेत सहभाग इतके वेळा, देशात अमुक नंबर. मी असले बॅनर स्वतः केलेत, तक्रार नाही, पण आकड्यांची गंमत अशी की मंत्री झालेला खासदार प्रश्न विचारतच नाही, तो उत्तरं देतो, मग त्याचा आकडा शून्य, म्हणून तो आळशी का? आणि उलटीकडून बघा, शून्य प्रहरात, म्हणजे प्रश्नोत्तराच्या तासानंतर तातडीचे मुद्दे मांडायच्या वेळेत, उभं राहून मिनिटभर एक कागद वाचला की 'सहभाग' एक. नियम ३७७ खाली मुद्दा लिहून दिला आणि सभागृहात गोंधळ म्हणून तो नुसता पटलावर ठेवला गेला तरी नोंद होतेच, म्हणजे न बोलता बोलल्याची नोंद. प्रश्नांचा नुसता आकडा किती पोकळ असू शकतो ते देशानं २००५ च्या डिसेंबरमध्ये बघितलंय, प्रश्न विचारायला पैसे घेतले म्हणून ११ खासदारांना घरी पाठवलं होतं, त्यातले दोघं आपल्या महाराष्ट्रातले. प्रश्न विचारलेच होते की त्यांनी. नोंदही होती.

आता जरा आमच्या घरचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मी एवढा का चिडलोय ते कळणार नाही. आम्ही मूळचे कुडाळकडचे. माझे वडील सातवी शिकलेले, मुंबईत गिरणीत, पण मत द्यायला गावी जायचे कारण नाव तिकडच्या यादीत होतं. तेव्हा तो राजापूर मतदारसंघ. आणि खासदार बॅरिस्टर नाथ पै, वेंगुर्ल्याचे, १९५७, ६२ आणि ६७ असे तीनदा निवडून आलेले. वडील त्यांचं भाषण ऐकायला दोन गावं चालत गेले होते, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की ती वाट मलाच चालल्यासारखी वाटते. पण गंमत ती नाही. गंमत ही की त्यांचं कौतुक गावातल्या सभेचं कमी आणि दिल्लीचं जास्त होतं. 'आमचो नाथ थंय बोलता.' थंय म्हणजे तिथे, दिल्लीत. त्यांना रस्ता मिळाला नव्हता, वीज मिळाली नव्हती, रेल्वेचा तर पत्ताच नव्हता, पण आपला माणूस तिथे उभा राहून बोलतो आणि पंतप्रधानांना ते ऐकून घ्यावं लागतं, ह्याचा त्या गिरणी कामगाराला अभिमान होता. असा अभिमान तुमच्यापैकी किती जणांबद्दल किती घरांत असेल हे तुम्हीच मनाशी मोजा.

नाथ पै ज्या पक्षाचे, तो प्रजा समाजवादी, मूठभर खासदारांचा. १९६७ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं गोलकनाथ खटल्यात ११ न्यायाधीशांच्या बेंचवर ६ विरुद्ध ५ असा निकाल दिला की मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही, घटनादुरुस्ती करूनही नाही. सरकार अजून काय करायचं त्याचा विचार करतंय तोवर विरोधी बाकावरच्या ह्या माणसानं घटनादुरुस्तीचं खासगी विधेयक मांडलं, संसदेला तो अधिकार परत मिळायला हवा म्हणून. खासगी विधेयक म्हणजे शुक्रवारी दुपारनंतरचा कार्यक्रम, आठवड्याचे शेवटचे अडीच तास, जेव्हा निम्मे खासदार विमानतळाच्या वाटेवर असतात. त्या अडीच तासांतून त्यांनी असा विषय काढला की विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, देशभरच्या वकिलांनी बाजू घेतल्या, 'नाथ पै विधेयक' हे नावच पडलं. ते मंजूर झालं नाही. १९७० च्या डिसेंबरमध्ये लोकसभा बरखास्त झाली आणि विधेयक तिथेच संपलं, आणि पुढच्याच महिन्यात, १८ जानेवारी १९७१ ला, बेळगावात नाथ पै गेले. अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारनं २४ वी घटनादुरुस्ती केली, तोच अधिकार संसदेला देणारी.

मला स्वतःला विचाराल तर नाथ पैंचं ते म्हणणं पूर्ण पटत नाही. पुढे आणीबाणीत संसदेनं काय काय केलं ते बघितल्यावर वाटतं की कोर्टाची वेसण हवी होती, आणि १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात कोर्टानं घटनेच्या मूळ चौकटीला हात लावायचा नाही असं म्हणून ती घातली ते बरंच झालं. पण बघा ना, पन्नासहून जास्त वर्षांनी एक डीटीपीवाला रात्री बसून एका खासदाराच्या म्हणण्याशी वाद घालतोय. वाद घालण्यासारखं काहीतरी बोलून ठेवलंय म्हणूनच ना? तुमच्या भाषणांशी वाद घालायला मला जागाच सापडली नाही. 'मी ह्या विधेयकाच्या समर्थनार्थ उभा आहे', मग नेत्याचे आभार, मग पक्षाचे आभार, मग अध्यक्षांनी वेळ दिला म्हणून आभार, मग घंटा. की मग (व्यवधान), गोंधळ झाला की नोंदीत हेच लिहितात.

नाथ पैंनंतर राजापुरातून मधू दंडवते आले, १९७१ पासून सलग पाच वेळा. सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्सचे प्रोफेसर होते. रेल्वेमंत्री असताना सेकंड क्लासच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम बसवला, हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. कमी सांगितलं जातं ते म्हणजे कोकण रेल्वे, म्हणजे एकच विषय किती वर्षं लावून धरायचा ते. खासदार म्हणून, मंत्री म्हणून, परत विरोधात बसून. १९९० ला कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं तेव्हा रेल्वेला जॉर्ज फर्नांडिस आणि अर्थखात्याला दंडवते हा योग जुळून आला होता. रोह्यापासून मंगळूरजवळ ठोकूरपर्यंतची लाइन सलग सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला, आणि दंडवते तर १९९१ लाच पडले होते निवडणुकीत. वडिलांनी गावी जायला रात्रभर एसटीत अंग आंबवलेलं, ते पहिल्यांदा रेल्वेनं कुडाळला उतरले तेव्हा फलाटावर काही न बोलता नुसते उभे राहिले होते, आई म्हणाली चला आता, तेव्हा हलले. रेल्वे एका भाषणानं येत नाही, मला माहितीये. पण एकदा विचारून सोडून दिलेल्या प्रश्नानं तर नक्कीच येत नाही.

आणि मधू लिमये. पुण्याचा माणूस, निवडून यायचा बिहारमधून, मुंगेर आणि बांका. नियमांचं पुस्तक अख्खं डोक्यात, कुठल्या नियमाखाली सरकारला कुठे अडवता येतं हे त्यांना अध्यक्षांइतकंच ठाऊक. हाताशी मूठभर माणसं आणि पुस्तक, एवढ्यावर सरकारला घाम. तुमच्या प्रत्येकाला शपथेनंतर ते नियमांचं पुस्तक मिळतं की. अल्पकालीन चर्चेची नोटीस देता येते, उत्तर समाधानकारक नसेल तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते, हे सगळं आत लिहिलंय. अर्ध्या तासाची चर्चा तुमच्यापैकी कुणी शेवटची कधी मागितली?

एक उत्तर मला आत्ताच ऐकू येतंय. 'अरे बाबा, तुला काय कळतं, व्हिप असतो.' व्हिप म्हणजे मत कसं द्यायचं तो पक्षाचा हुकूम, आणि १९८५ पासून पक्षांतरबंदी आहे, हुकूम मोडला तर खासदारकी जाऊ शकते, मान्य. पण व्हिप मतदानाला असतो हो. पुरवणी प्रश्नाला व्हिप असलेला मी तरी ऐकला नाही. तिकीट कापलं जाईल ही भीती वेगळी, तिला व्हिप नाव देऊ नका. फिरोज गांधी रायबरेलीचे काँग्रेसचे खासदार, सरकार काँग्रेसचं, पंतप्रधान त्यांचे सासरे. १९५७ च्या डिसेंबरमध्ये हा माणूस उभा राहिला आणि एलआयसीनं हरिदास मुंदडा ह्या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर का घेतले ते विचारलं. तयारी इतकी की सरकारला न्यायमूर्ती छागलांची चौकशी बसवावी लागली. ती आपल्या मुंबईतच झाली, सगळ्यांसमोर, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. सासऱ्याच्या सरकारात. आपल्याकडे जावई साध्या लग्नात सासऱ्याला जेवण कमी पडलं असं म्हणत नाही.

दुसरं उत्तर, वेळच मिळत नाही, पक्षाच्या संख्येप्रमाणे मिनिटं वाटतात, लहान पक्षाला तीन मिनिटं. हे खरंय, आणि ह्यात तुमची चूक कमी आहे. पण राममनोहर लोहिया १९६३ मध्ये पोटनिवडणुकीतून लोकसभेत आले आणि म्हणाले की ह्या देशातली २७ कोटी माणसं दिवसाला तीन आण्यांवर जगतात. नेहरू म्हणाले पंधरा आणे. मग कित्येक दिवस देशात ह्याच आकड्यांवर वाद. तीन आणे म्हणायला तीन सेकंद लागतात हो, त्याच्यामागचा हिशेब करायला महिने लागतात, तो हिशेब तुम्ही दिल्लीला जायच्या आधी इथे करायचा असतो. ऑफिसातला जो पोरगा मला फोटो मोठा करायला सांगतो त्याला एक दिवस बाजार समितीत बसवा, एक दिवस सरकारी दवाखान्याच्या केसपेपरच्या लाइनीत. तीन मिनिटांचं मॅटर तिथे आहे.

आणि जिथे वेळ मागायचा तिथे तरी मागा ना. मार्च २०२३ मध्ये ४५ लाख कोटी रुपयांच्या खर्चाच्या मागण्या लोकसभेनं चर्चा न करता मंजूर केल्या. त्याला गिलोटिन म्हणतात, मुंडकं उडवायच्या यंत्राचं नाव, मात्र अगदी योग्य दिलंय. बाहेर घोषणा चालू होत्या, दोन्ही बाजूंच्या. पहिल्या लोकसभेच्या पाच वर्षांत ६७७ बैठका झाल्या होत्या, सतराव्या लोकसभेच्या पाच वर्षांत २७४. आमच्या सोसायटीत लिफ्टच्या १८ हजारांच्या दुरुस्तीवर तीन मीटिंगा झाल्या, एका काकांनी तर कोटेशनमधला जीएसटी हातानं मोजून दाखवला. मिनिट्स मीच टाइप केलेत.

भाषेचं पण बोलू. तुमच्यापैकी काही जण हिंदीत अडखळतात, काही इंग्लिशमध्ये, आणि मग लोक त्याच्या क्लिपा करून हसतात, मला ते आवडत नाही. सरळ मराठीत बोला. घटनेच्या १२० व्या कलमात मातृभाषेची सोय आहे, आधी कळवलं की दुभाषी असतो, बाकीचे कानाला लावून ऐकतील. जो माणूस इथे चौकात अर्धा तास न थांबता बोलतो तो तिथे कागदात डोकं घालून दोन मिनिटांत बसतो तेव्हा आमचंच नुकसान होतं. लिमये हिंदीत बोलायचे कारण त्यांना हिंदी पेलायची. नाही पेलत तर नाही, त्यात काय लाजायचं.

आता आमचं पण सांगतो, नाहीतर म्हणाल सगळं खापर आमच्यावर. गेल्या वर्षी मे महिन्यात मीच तुमच्यापैकी एकाच्या ऑफिसात गेलो होतो, वेटिंग लिस्ट ३४ होती, व्हीआयपी कोट्याचं लेटर हवं होतं. मिळालं. तिकीट कन्फर्म झालं आणि मी चार लोकांना सांगितलं, खासदार म्हणजे कामाचा माणूस. माझ्या शेजारच्यांनी केंद्रीय विद्यालयाच्या अॅडमिशनसाठी किती खेटे घातले असतील, खासदाराचा १० जागांचा तो कोटा २०२२ ला बंद झाला म्हणून, नाहीतर अजून घालत असते. आम्ही तुमच्याकडे गटार मागतो, पेव्हर ब्लॉक मागतो, गणपतीची वर्गणी मागतो. गटार हे नगरसेवकाचं काम आहे हे आम्हालाही कळतं पण नगरसेवकाच्या निवडणुकाच कित्येक वर्षं झाल्या नव्हत्या तर मागायचं कुणाकडे. वर्षाला पाच कोटींचा तुमचा खासदार निधी, त्यातून बसस्टॉपची शेड होते, शेडवर तुमचं नाव स्टॉपच्या नावापेक्षा मोठं असतं (ते फ्लेक्स पण आम्हीच करतो). आम्ही जे मागितलं ते तुम्ही दिलंत. संसदेत काय बोललात हे आम्ही कधी विचारलंच नाही, तर तुमच्या ऑफिसातला पोरगा म्हणतो ते बरोबरच आहे, कोण वाचतंय.

तर मी आता विचारतोय. एका माणसाचं विचारणं म्हणून सोडून देऊ नका, आमच्या गाळ्यावर दिवसाला दीडशे माणसं येतात आणि काउंटरवर लावलेला कागद झेरॉक्स होईपर्यंत सगळे वाचतात, करायला दुसरं काही नसतं. प्रत्येक अधिवेशन संपलं की दोन पानं मला पाठवा, मी फुकट लावतो. मराठीत. काय विचारलं, मंत्री काय म्हणाला, त्यावर पुढे काय केलंत. 'आवाज उठवला' हे वाक्य नको, उठवून काय म्हणालात ते लिहा. पटलावर ठेवलं असेल तर ठेवलं असं लिहा, बोललो असं लिहू नका. एखाद्या विधेयकाच्या विरोधात मनातून होतात आणि मत बाजूनं द्यावं लागलं असेल तर तेही लिहा, आम्हाला घरच्या माणसासारखं कळतं ते. काहीच बोलला नसाल एखाद्या अधिवेशनात, आजारी असाल, मतदारसंघात पूर आला असेल, तर तसं लिहा. पूर आल्यावर दिल्लीत बसलेला खासदार आम्हाला पण नकोय.

आमच्या साहेबांचा अहवाल छापून झाला, पाच हजार प्रती गेल्या. पान २३ वर ते हात जोडून उभे आहेत, मागे संसद भवन, ड्रॉप शॅडो छान आलाय. पुढच्या अहवालाचं काम बहुतेक आमच्याकडेच येईल, तेव्हा ह्या वेळेस पान २३ चं मॅटर सगळ्यात आधी द्या, फोटो मागाहून चालतील. चौदा पॉइंटातही बरंच मॅटर मावतं. आणि युनिकोडमध्ये पाठवा, श्रीलिपीत टाइप केलेलं नको, कन्व्हर्ट करताना रफार उडतात आणि मग 'चर्चा' चं 'चचा' होतं, ते प्रूफात सुटलं की शिव्या आम्ही खातो.

आपला,
एक मतदार,
(बिलाचं तेवढं बघा)